मायकोटॉक्सिन झालेलं पशुखाद्य: विष काढून वापरायचं की सरळ बाद करायचं?

दाणापाणी (धागाकर्ता)

पशुखाद्यातल्या बुरशीच्या विषांवर (मायकोटॉक्सिनवर) हल्ली जे संशोधन वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं विष झाल्यानंतर काय करायचं याबद्दल असतं. चिकणमातीचे बाइंडर (खाद्यात मिसळायची, विषाला धरून ठेवणारी पावडर), यीस्टच्या पेशीभित्तिका, एंझाइम, अमोनिया, ओझोन, यादी वाढतेच आहे. माझं स्पष्ट मत आहे की यातून खराब माल खपवायची सोय झाली.

1960 साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिल्लं पटापट मेली. शोध घेतला तेव्हा दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत, आणि त्याच तपासातून अफलाटॉक्सिन सापडलं. दाणा नीट वाळवा, ओलावा 13-14 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, कोठारात गळती नको, हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते करण्यापेक्षा भरड्यात पावडर टाकणं सोपं. पावडर टाकली की ओला मका घ्यायलाही कुणी कचरत नाही.

आणि वाफेवर गोळी पाडली की सगळं मरतं म्हणणाऱ्यांसाठी: बुरशी मरते, अफलाटॉक्सिन तसंच राहतं. गोळी दिसायला छान, वासही चांगला.

किण्वन

अर्धंच खरं. तुम्ही कोठारातल्या बुरशीबद्दल बोलताय. फ्युजॅरियम ही बुरशी उभ्या पिकात शिरते. गहू फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला की ओंबीतच तिचं विष डीऑक्सीनिव्हॅलेनॉल (पुढे डॉन म्हणतो) तयार होतं. मक्यात फ्युमोनिसिन आणि झिअरॅलिनोन या तिच्याच विषांचंही तेच. अफलाटॉक्सिनवाली ॲस्परजिलससुद्धा पाण्याचा ताण पडलेल्या, किडीने पोखरलेल्या कणसात कापणीआधीच घुसते. असा दाणा कोठाराच्या दारात येतो तोच विष घेऊन. वाळवल्याने नवं विष थांबेल, आधीचं कुठे जाणार?

म्हणून विष मोडणारं संशोधन लागतं. फ्युमोनिसिन एस्टरेज हे एंझाइम फ्युमोनिसिनच्या रेणूच्या दोन बाजूच्या साखळ्या तोडतं, उरलेला भाग कितीतरी कमी घातक असतो. डॉनसाठी गायीच्या रूमेनमधूनच (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातून) एक जीवाणू वेगळा काढलाय, तो डॉनच्या रेणूतलं इपॉक्साइडचं कडं उघडतो आणि विषारीपणा उतरतो. दोन्ही युरोपीय संघात डुकरांच्या खाद्यासाठी रीतसर मंजूर आहेत, 2013-14 पासून. ही काही कुणाची जादूची पुडी नव्हे.

दाणापाणी

शेतातल्या प्रतिबंधालाही संशोधन आहेच की! ॲस्परजिलस फ्लेव्हसचे विष न बनवणारे वाण शेतात पसरायचे, ते विषारी वाणांची जागा बळकावतात. आफ्रिकेत अफ्लासेफ या नावाने हेच चालतं. माझा राग आहे तो मागाहून मलमपट्टी करण्यावर.

गोठ्यावरून

दोघांचं वाचलं. दुधाचा हिशोब मांडतो, म्हणजे हवेत बोलणं नको.

गाय दिवसाला 6 किलो खुराक खाते आणि त्यात अफलाटॉक्सिन बी1 (त्याचा एक प्रकार) 20 पीपीबी, म्हणजे किलोला 20 मायक्रोग्रॅम, आहे असं धरा. म्हणजे पोटात गेलं 120 मायक्रोग्रॅम. त्यातलं साधारण 1 ते 2 टक्के गायीच्या शरीरात बदलून एम1 या रूपात दुधात उतरतं, जास्त दुधाच्या गायीत 6 टक्क्यांपर्यंतही. आपण 2 धरू. 2.4 मायक्रोग्रॅम, 20 लिटर दुधात, म्हणजे लिटरला 0.12. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा आहे किलोला 0.5, युरोपीय संघाची 0.05. तेच दूध एकीकडे पास, दुसरीकडे नापास! आता बाइंडरने समजा निम्मं अडवलं, तरी 0.06. युरोपच्या हिशोबात अजून नापासच. खुराकच 5 पीपीबीचा असता तर पावडरीशिवाय 0.03 आलं असतं. दुभत्या जनावरांच्या मिश्रखाद्याला युरोपने 5 ची मर्यादा का घातली ते यातून कळतं.

म्हणून मी दाणापाणींच्या बाजूने. शिवाय खुराक बदलला की 3-4 दिवसांत एम1 उतरतं. बाद करण्याइतका जलद उपाय दुसरा नाही.

किण्वन

हिशोब चोख आहे, पण तुम्ही एक गृहीत धरलंत: खुराकात 20 आहे हे तुम्हाला कळलं. कसं कळलं?

विष ढिगात सगळीकडे सारखं नसतं. एका दाण्यात शून्य आणि शेजारच्या दाण्यात 4 लाख पीपीबीपर्यंत, असं मक्यात मोजलेलं आहे. आता 5 किलोच्या नमुन्यात असा एकच दाणा आला, वजन 0.35 ग्रॅम. त्यात 140 मायक्रोग्रॅम विष, म्हणजे अख्ख्या नमुन्याचा आकडा 28 पीपीबी. तो दाणा बोटाच्या फटीतून निसटला तर तोच ढीग 'स्वच्छ'. तपासणीतली सगळ्यात मोठी चूक यंत्रात नसते, नमुना काढायचा बंबू ढिगात कुठे खुपसला त्यात असते. 'बाद करा' म्हणणं सोपं, बाद काय करायचं ते आधी सापडायला हवं. मी बाइंडरकडे विमा म्हणून बघतो.

पशुवैद्य_रात्रपाळी

मी मधे पडते, कारण 'बाइंडर' हा एकच शब्द धरून दोघंही भांडताय आणि विषं मात्र चार वेगळी आहेत.

बेंटोनाइट ही बाइंडरची चिकणमाती अफलाटॉक्सिन बी1 ला पकडते, कारण तो रेणू सपाट आणि मातीच्या थरांत बसणारा. युरोपात त्याची मंजुरीही नेमक्या बी1 पुरतीच आहे. डॉनवर साधी माती जवळपास निरुपयोगी. डुकरं खाद्य तोंडात घेऊन सोडून देतात, वाढ थांबते, आणि गोणीवर मात्र 'सर्व विषांवर प्रभावी' लिहिलेलं असतं. झिअरॅलिनोनमध्ये कोवळ्या डुकरिणींची योनी सुजते, मालक माज समजून बसतो. घोड्यात फ्युमोनिसिन मेंदूचा पांढरा भाग विरघळवतं. तिथे कसला विमा काढताय?

रवंथ करणाऱ्यांना काही होत नाही, हेही अर्धसत्य आहे. रूमेन डॉनचं बरंचसं विष मोडतं, ऑक्राटॉक्सिन या आणखी एका बुरशीच्या विषाचंही. पण झिअरॅलिनोनपासून तिथे अल्फा-झिअरॅलिनॉल तयार होतं, जे मूळ विषापेक्षा जास्त इस्ट्रोजेनसारखं (मादीच्या संप्रेरकासारखं) वागतं. आणि वासराचं रूमेन तयारच झालेलं नसतं, त्याला हे संरक्षण कुठून मिळणार?

दाणापाणी

ताई, तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत.

पशुवैद्य_रात्रपाळी

नाही हो. मी एंझाइमच्या विरोधात नाही, सरसकट पावडरीच्या विरोधात आहे. तुमच्या 'बाद करा'लाही माझा आक्षेप आहे. बाद केलेला माल जातो कुठे? जिथे तपासणी नाही तिथल्या गोठ्यात. मी असा माल दुसऱ्या दारातून परत आलेला पाहिलाय, फक्त गोणी नवी होती.

किण्वन

याच मुद्द्यावर युरोपीय संघाचा नियम वाचण्यासारखा आहे. मर्यादेबाहेरचा माल चांगल्या मालात मिसळून आकडा खाली आणायला तिथे बंदी. पण 2015 च्या नियमाने निर्विषीकरणाला वाट ठेवली आहे: प्रक्रिया परिणामकारक हवी, विष पुन्हा मूळ रूपात येता कामा नये, घातक अवशेष राहू नयेत, खाद्याचा कस जाऊ नये. दाणापाणी, याला तुम्ही 'खराब माल खपवायची सोय' म्हणाल?

दाणापाणी

त्या अटी पाळणाऱ्याला नाही म्हणणार. पण पुन्हा मूळ रूपात येता कामा नये, या अटीत तुमची माती बसत नाही. माती विषाला धरून ठेवते, मोडत नाही. आतड्यात पीएच बदलला की काही विष सुटू शकतं. तुम्ही एंझाइमचा दाखला देता आणि बाजारात विकली जाते माती.

गोठ्यावरून

हे मात्र बरोबर. आणि मातीचं प्रमाण वाढवलं तर ती औषधंही धरते. युरोपच्या मंजुरीत काही कॉक्सिडिओस्टॅटबरोबर (कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगावरच्या औषधांबरोबर) बेंटोनाइट वापरण्यावर त्यामुळेच बंधनं आहेत. विमा म्हणून दुप्पट टाकणाऱ्यांनी तेवढं बघावं.

किण्वन

माती आणि एंझाइम एकाच पारड्यात नकोत, हे मान्य. पण आज अफलाटॉक्सिनवर दुभत्या गायीत चालेल असं मंजूर एंझाइम दाखवा, मी उद्या बेंटोनाइट सोडतो. तोवर 5 च्या आतलाच माल घेईन आणि वर बेंटोनाइटही घालीन.

पशुवैद्य_रात्रपाळी

मग घेताना विक्रेत्याला एवढंच विचारा: '90 टक्के विष अडवतं' म्हणता, तो आकडा गायीच्या दुधात मोजलाय की परीक्षानळीत?