‘उड्डाणकाळ’ नेमका कुठून कुठपर्यंत?

रानजाई: प्रवाशांसाठीच्या एका पत्रकाचा अनुवाद करतेय. मुंबई ते नागपूर, विमानतळ ते विमानतळ. मी लिहिलं, ‘हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर, उड्डाणकाळ दीड तास’. तपासणाऱ्यांनी दोन्ही शब्दांखाली लाल रेघ मारली. ‘हवाई’ परका, आणि दीड तासात विमान जमिनीवर सरपटतं तो वेळही धरलाय, त्याला उड्डाण कसं म्हणायचं? काय लिहू?

सह्यकडा: ‘हवा’ अरबीतून आली, पण आता तिला परकी म्हणायचं तर श्वास कसला घ्यायचा? हवाई दल चालतं, मग हवाई अंतर का नाही? रेल्वेने हेच अंतर 837 किलोमीटर, समृद्धी महामार्ग 701. फरक दाखवायला ‘हवाई’ हवंच.

शब्दनिष्ठ: ‘आकाशमार्गी अंतर’ लिहा. दिनांक, महापौर हे सावरकरांचे शब्दही पहिल्यांदा कानाला टोचलेच असतील. वापरले म्हणून रुळले.

सह्यकडा: रुळले ते सुटसुटीत होते म्हणून. आणि आकाशमार्ग म्हटलं की विमान प्रत्यक्ष गेलं ती वाट वाटते. ती वळणं घेते. पत्रकातलं अंतर म्हणजे पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून मोजलेलं, भूगोलातलं बृहत्‌वृत्त.

धावपट्टी: विमानांच्या देखभालीत वीस वर्षं काढली, म्हणून वेळेबद्दल सांगतो. वैमानिकाच्या नोंदवहीतला ‘फ्लाइट टाइम’ विमान उड्डाणासाठी जागचं हललं तिथून सुरू होतो आणि शेवटी थांबलं की संपतो. सरपटणं त्यात धरलेलंच असतं. चाकं जमीन सोडतात तिथपासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ वेगळा, तो ‘एअर टाइम’. ताईंचा ‘उड्डाणकाळ’ चूक नाही. पण वाचणारा दुसरा अर्थ घेईल, हेही खरं.

वऱ्हाडकन्या: यासाठी आपल्याकडे शब्द आहेत की! गाडी सुटते आणि गाडी लागते. माझे आजोबा नागपूर स्टेशनवर हमाल होते. ‘सुटल्यापासून लागेपर्यंत’ इतकं नेमकं मराठी मी दुसरीकडे ऐकलं नाही. विमानालाही तेच लावा.

खाडीकाठ: कोकणात ‘बोट लागली’ म्हणजे ओकाऱ्या झाल्या. ‘विमान लागलं’ वाचून आमची माणसं आवळासुपारी शोधतील. खरंच सांगतोय, आईला लागायची.

शब्दनिष्ठ: मुळात ‘विमान’ शब्दातच ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू आहे. मोजत, आक्रमत जाणारं ते विमान. अंतराचा शब्द त्यातूनच घडवायला हवा.

सह्यकडा: मग ‘कोस’ घ्या. मूळ ‘क्रोश’ म्हणजे हाक. आरोळी पोचेल तेवढं अंतर. ‘हाकेच्या अंतरावर’ आपण अजून म्हणतो.

धावपट्टी: भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात चार क्रोशांचं योजन आहे आणि क्रोश दोन हजार दंडांचा, दंड चार हातांचा. आठ हजार हातांवरून हाक ऐकू जाईल?

वऱ्हाडकन्या: रात्री, उघड्या शिवारात जाते काही अंतर. पण आठ हजार हात म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या वर. इतकी नाही.

सह्यकडा: माप मागाहून पक्कं झालं असेल. आमच्याकडे ‘लांबडा कोस’ म्हणतात तो याहून मोठा. तुमच्याकडे आहे का असा प्रकार?

रानजाई: उद्या सकाळी पत्रक द्यायचंय. ‘सुटल्यापासून पोचेपर्यंत दीड तास’ चालेल का?

खाडीकाठ: ‘पोचेपर्यंत’ की ‘पोहोचेपर्यंत’?