४ टीबी हार्डडिस्क कॉपी करताना मध्येच अडकते: केबल, बॅड सेक्टर की आणखी काही?

निळा_पडदा:
घरी जोडलेला पीसी. विंडोज एनव्हीएमई एसएसडीवर, डेटासाठी ४ टीबीची साटा हार्डडिस्क, सत्तरेक टक्के भरलेली. तिच्यावर ६० जीबीचं फोल्डर टाकलं की सुरुवातीला १७०-१८० एमबी प्रतिसेकंद मिळतात, मग २० वर घसरतं आणि अधूनमधून थेट शून्य. शून्यावर असताना टास्क मॅनेजरमध्ये अॅक्टिव्ह टाइम मात्र १०० टक्के. काही जुने फोटो उघडतानाही एक्सप्लोरर गोठतो. डिफ्रॅग केलं, काही फरक नाही. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं दाखवतंय: ०५ (बदली दिलेले सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे) मध्ये ०, सी५ मध्ये १०, सी७ मध्ये ४बीई. विंडोजच्या चेकडिस्क या तपासणी कमांडला आर पर्याय लावून रात्रभर सोडून देऊ का?

सेक्टर६३:
अजिबात नको. आणि डिफ्रॅगही पुन्हा नको. आर लावलं की चेकडिस्क सगळी डिस्क वाचत सुटतं. जिचे सेक्टर आधीच वाचता येत नाहीत, तिला डेटा बाहेर काढण्याआधी इतकं राबवू नये.

ते आकडे षोडशमान पद्धतीतले आहेत. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचरखाली रॉ व्हॅल्यूज दशमानात करून घ्या. तुमचं १० म्हणजे १६, आणि ४बीई म्हणजे १२१४. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल न लागलेले सेक्टर. आतून ४०९६ बाइटचा सेक्टर असलेल्या डिस्क बाहेर ५१२ चे दाखवतात, म्हणून हा आकडा बरेचदा ८ च्या पटीत वाढतो. तसं असेल तर तुमचे प्रत्यक्ष सेक्टर दोनच बिघडलेत. गोठायला दोनही पुरतात: घरगुती डिस्क एकेका सेक्टरवर कित्येक सेकंद झटत बसते, तिने हात टेकले की विंडोज पुन्हा तेच मागतं.

अर्धवट_वायर:
सी५ वर बोलणं झालं, पण १२१४ सोडून कसं चालेल? सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये डेटा खराब झाल्याची मोजणी. प्लॅटरचा, म्हणजे आतल्या चकतीचा, त्यात दोष नसतो. बहुतेक वेळा साटा केबल सैल असते, किंवा कॅबिनेटचं झाकण लावताना कनेक्टरपाशीच काटकोनात दुमडलेली.

पीसी बंद करून एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) स्विचही बंद करा. खटका असलेली दुसरी केबल लावा आणि पोर्टही बदला. पोर्ट निवडताना मदरबोर्डचं मॅन्युअल बघा, कारण बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वीजजोडावरून) साटा करणारा जोड असेल तर तो काढून एसएमपीएसची सरळ वायर द्या. एकसंध प्लॅस्टिक ओतलेले जोड तर ठेवूच नका, आत तारा एकमेकींना टेकून जळतात.

सी७ चा आकडा नवीन केबलने खाली येत नाही, तो आयुष्यभराचा हिशेब आहे. १२१४ वरच थांबला तर केबल दोषी होती. वाढतच राहिला तर पोर्ट किंवा डिस्कचा सर्किट बोर्ड.

थंड_पंखा:
१८० वरून २० वर येऊन तिथेच रेंगाळणं हे मला एसएमआर प्रकारच्या डिस्कचं लक्षण वाटतं. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात, म्हणून डिस्क आधी एका राखीव पट्ट्यात लिहून घेते. तो भरला की वेग कोसळतो. क्रिस्टलडिस्कइन्फोत फीचर्सच्या ओळीत ट्रिम (कोणती जागा मोकळी झाली ते डिस्कला कळवण्याची सोय) उजळलेलं आहे का? हार्डडिस्कला ट्रिम म्हणजे जवळजवळ नक्की एसएमआर. नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, मॉडेल नंबरवरून कंपनीच्या माहितीपत्रकात बघावं लागेल.

सेक्टर६३:
एसएमआर असू शकेल, पण त्याने लिहिणं मंदावतं. जुने फोटो उघडताना गोठणं त्यात बसत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग बघा. ७ नंबर म्हणजे खराब ब्लॉक. १२९ म्हणजे उत्तर न आल्याने डिस्क रीसेट केली, १५३ म्हणजे तीच मागणी पुन्हा पाठवली. ७ नसून नुसते १२९ आणि १५३ असतील तर केबल किंवा वीजपुरवठ्यावर संशय जास्त.

निळा_पडदा:
केबल आणि पोर्ट बदलले. जुनी केबल खरंच झाकणाखाली दुमडली होती. आता २०० जीबी वाचून झालं तरी सी७ १२१४ वरच. लॉगमध्ये १२९ थांबलेत, पण दोन ठरावीक फोटो उघडले की ७ नंबर येतो. ट्रिम उजळलेलं आहे. नवीन काही लिहिताना वेग अजूनही २० वर येतो.

सेक्टर६३:
म्हणजे तीन दुखणी एकत्र होती. केबलचं मिटलं, एसएमआर हा स्वभाव आहे, राहिले दोन सेक्टर.

आता डेटा काढा. एक्सप्लोररने नको, विंडोजच्या रोबोकॉपी कमांडने, आणि आर (किती वेळा पुन्हा प्रयत्न) व डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचं) हे दोन्ही पर्याय १ ठेवा. ते दिले नाहीत तर नापास फाइलवर ते दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. महत्त्वाचं फोल्डर आधी, ते दोन फोटो शेवटी. कॉपी चालू असताना सी५ वाढू लागला तर तिथेच थांबा. मग लिनक्सवरून डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने) तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्या. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद) द्यायला विसरू नका, नाहीतर मध्ये थांबल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

सगळं बाहेर आलं आणि कॉपी उघडून तपासली, की मग क्विक फॉरमॅट न करता पूर्ण फॉरमॅट करा. त्यात डिस्कभर शून्यं लिहिली जातात, आणि संशयित सेक्टरवर लिहिलं गेलं की त्याचा निकाल लागतो. सी५ शून्य झाला आणि ०५ हलला नाही तर सेक्टर धडधाकट होते, फक्त लिहिताना काहीतरी गडबडलं होतं. ०५ वाढला तर डिस्कने राखीव सेक्टर वापरले. ४ टीबीला बरेच तास लागतील.

अर्धवट_वायर:
फॉरमॅटनंतरही रोज एकदा ०५ आणि सी५ बघा, दोनेक आठवडे. एकाने जरी वाढला तरी ती डिस्क फक्त दुसरीकडे प्रत असलेल्या फाइलींसाठी. आणि या वेळी झाकण लावताना केबल आडवी वळवून घ्या.