एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका
बांधकामाच्या साइटवर पंपाने पाणी उपसण्याबद्दल एकांनी लिहिलंय की साइटच्या बोर्डात एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे, पाण्यात शॉक लागलाच तर तो ट्रिप होईल, म्हणजे पडेल. कृपया या भरवशावर कुणाला पाण्यात उतरवू नका. 16 अँपिअरचा एमसीबी असतो तो वायर जळू नये म्हणून. ओल्या अंगाचा रोध साधारण 1000 ओहमपर्यंत उतरतो, म्हणजे 230 व्होल्टला अंगातून पाव अँपिअरपेक्षाही कमी करंट जातो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, पण माणूस दगावायला तेवढा पुष्कळ झाला. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (एवढासा करंट गळला तरी वीज तोडणारा स्विच) हवा, आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघायला हवं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या साइटवर फुटिंगच्या (पायाच्या) खड्ड्यातलं पाणी उपसायला पंप लावला होता. केबल मध्येच जोडलेली, जोडावर नुसती काळी टेप, आणि तो जोड गढूळ पाण्यात बुडालेला. दुसऱ्या टोकाला प्लगच नाही, उघड्या तारा सॉकेटमध्ये काडीने खोचलेल्या. हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर तर कापूनच टाकली होती, "पंप तिच्याशिवायही चालतो" म्हणे! पायपाला कचरा अडकला म्हणून एक पोरगा अनवाणी उतरत होता, त्याला दंडाला धरून मागे ओढलं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

पंप चालू असताना खड्ड्यात कुणी उतरायचं नाही, हे मुकादमाला रोज सांगा. आणि कुणी चिकटलाच तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा.