मॅकडॉनल्डची रोजनिशी आणि दुसऱ्याच्या दारातलं औदार्य

माजघर: काल इथे एका आयडीने लिहिलं, "युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी ज्यू निर्वासितांना हात दिला, अमेरिकन मुत्सद्दी जेम्स मॅकडॉनल्डची रोजनिशी साक्षीला आहे." वाचून डोकं फिरलं. उघडून तरी पाहिलीये का? १९४६ ची अँग्लो-अमेरिकन समिती, ज्यू निर्वासित आणि पॅलेस्टाइनचा प्रश्न तपासायला नेमलेली: सहा अमेरिकन, सहा ब्रिटिश, त्यात हा एक. युरोपातल्या निर्वासित छावण्या हिंडले, कैरो-जेरुसलेम केलं, लोझानला बसून एप्रिलमध्ये एकमताने अहवाल दिला. त्यात होतं, १,००,००० जणांना ताबडतोब पॅलेस्टाइनचे परवाने द्या. अमेरिकेचा अध्यक्ष ट्रूमनने तेवढा आकडा उचलला. पण पॅलेस्टाइन तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात, आणि त्यांचा पंतप्रधान ॲटलीने 'आधी तिथल्या बेकायदा सेना निःशस्त्र करा' म्हणून पाचर मारली. छावणीतला माणूस छावणीतच. हा हात?

शिक्कामोर्तब: मुळात ती रोजनिशी खाजगी कसली? मॅकडॉनल्ड सेक्रेटरीला तोंडी सांगून टाइप करून घ्यायचा, १०,००० च्या वर पानं. असा माणूस स्वतःला खलनायक लिहील? पुढे इस्रायलमध्ये राजदूत, त्यानंतर इस्रायलच्या रोख्यांचं काम. आणि तुम्ही त्याचा शब्द सातबाऱ्यासारखा नाचवताय.

माजघर: १९३५ मध्ये राष्ट्रसंघाचं (लीग ऑफ नेशन्स) निर्वासित आयुक्तपद त्याने जाहीर पत्र लिहून सोडलं. जर्मनीत काय चाललंय ते त्यात सरळ लिहिलं. तेव्हा कुठलं इस्रायल आणि कुठले रोखे?

पंचगंगेकाठी: अवांतर, पण इतक्या लांब कशाला जाताय? कोल्हापूरजवळच्या आमच्या वळिवड्यात १९४३ पासून ५,००० च्या आसपास पोलिश निर्वासित राहिले. आजोबा छावणीत दूध घालायचे. बायका माप दोनदा बघायच्या, पण पैसे रोख. गावच्या उधारीवाल्यांपेक्षा बरे, म्हणायचे. कोल्हापूरला जमलं ते लंडनला का नाही?

शिक्कामोर्तब: कारण वळिवड्याचा खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार करत होतं! आणि ते लोक बहुतेक कॅथलिक. विषय काय, जिलबी कसली.

पंचगंगेकाठी: पैसा कुणाचा ते विचारलंच नाही. जागा कुणाची? पाणी कुणाचं?

मोगरा: पाहुणचाराचं एवढं कौतुक चाललंय तर पुरंदरचंही सांगा. हिटलरपासून पळून आलेल्या काही ज्यूंना इंग्रजांनी 'शत्रूदेशाचे नागरिक' म्हणून तिथे अडकवलं. का, तर पासपोर्ट जर्मन.

पंचगंगेकाठी: पुण्याच्या लोकांना कोल्हापूरचं चांगलं बघवतच नाही.

मोगरा: मी नगरची आहे हो. आमच्याकडेही तसलीच छावणी होती, उगाच खूश होऊ नका.

झावळ्या: चाळीस प्रतिसादांत पॅलेस्टाइनच्या अरबांचं नाव एकाने काढलं नाही. पाप युरोपचं, जमीन त्यांची. आणि अमेरिकेने स्वतःचं दार किती उघडलं? १९४८ च्या विस्थापितांच्या कायद्यात अट, २२ डिसेंबर १९४५ नंतर जर्मनी, ऑस्ट्रिया, इटलीत आलेला अपात्र. जुलै १९४६ मध्ये पोलंडमध्ये किएल्त्सेला ४२ ज्यू मारले गेले, त्या भीतीने पळालेले हजारो यात आपोआप बाद. ट्रूमनने कायद्याला नावं ठेवली आणि सही केली. दुरुस्ती व्हायला १९५० उजाडलं. अमेरिकेला हे लोक न्यूयॉर्कमध्ये नकोत, असं ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री बेव्हिन जून १९४६ मध्ये बोलला तर केवढा गहजब! पण चुकलं काय त्याचं?

माजघर: बेव्हिन? ज्याच्या सरकारने १९४७ मध्ये पॅलेस्टाइनला निघालेल्या 'एक्सोडस' जहाजावरच्या ४,५०० ज्यूंना परत नेऊन हँबुर्गला, म्हणजे जर्मनीतच उतरवलं? त्याने दुसऱ्याला दार उघडायला सांगू नये. अमेरिकेचं मात्र मान्य. आणि हो, अरबांचं मूळ लेखात यायला हवं होतं. राहिलं.

शिक्कामोर्तब: आज धागाकर्त्यांनी काहीतरी मान्य केलं, पेढे वाटा. १९३५ च्या पत्राचं मीही देतो. सातबाऱ्यावर नाही हां, 'इतर हक्क'च्या रकान्यात चढवा.

पंचगंगेकाठी: नगरच्या ताई, महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे, बघायला या. दूध आमच्याकडे. रोख नको.