मदत हवी आहे: ब्लॉकच्या भिंतीत जाळीचे रॅक टिकतील का?

स्वयंपाकघराला लागून ४ बाय ५ फुटांची कोठीची खोली आहे. तिथे तारेच्या जाळीचे रॅक बसवायचेत, १२ इंच खोल, चार थर. बिल्डिंग नवी, भिंती ४ इंची एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या). परवा ड्रिलच्या हॅमर मोडवर (ठोके देत फिरणाऱ्या) एक भोक पाडलं (तीच चूक झाली बहुतेक), तर भसाभस पांढरा भुगा पडला आणि ८ एमएमचा गट्टू (स्क्रू धरायला भोकात घालतात तो प्लास्टिकचा) आत नुसता गरगर फिरतोय. कोपऱ्यातल्या काँक्रीटच्या कॉलममध्ये मात्र घट्ट बसला.

एका थरावर ३० किलो तरी येणार. तांदळाचे डबे, तेलाचा १५ किलोचा डबा, लोणच्याच्या बरण्या.

एएसीसाठी वेगळे लांब नायलॉनचे गट्टू मिळतात, ते कुणी वापरलेत का? की केमिकल अँकरच (भोकात रसायन भरून पक्का चिकटवलेला बोल्ट) हवा? तिसरा पर्याय म्हणजे उभ्या पट्ट्या जमिनीपर्यंत आणून भार फरशीवर घ्यायचा. मला तोच बरा वाटतोय, पण मग खाली पिंप ठेवायला अडचण.

आणि छोट्या बरण्या तारांवर कलंडतात, त्यावर काय करता? ॲक्रिलिकची शीट टाकली तर जाळीचा उपयोग काय राहिला! आई म्हणतेय, गपचूप कडप्पा घाल.