नाव-गाव न विचारलेली माणसं

आई-वडील, जिवलग मित्र, आवडते शिक्षक यांच्यावर लिहिणं होतच असतं. इथे त्यांना जरा बाजूला ठेवू या. तासाभरासाठी, एखाद्या वाक्यापुरती भेटली आणि तरी मनात ठाण मांडून बसली, अशा माणसांबद्दल लिहा. दोन ओळीही चालतील. फक्त 'देवमाणूस होते' एवढ्यावर बोळवण करू नका. त्या माणसाने नेमकं काय केलं ते सांगा. सुरुवात मी करते.

बाबांना प्लेटलेट हव्या होत्या. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, त्याही २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात. रक्तपेढीत साठा कधी असतो, कधी नसतो. त्या दिवशी नव्हता. ओळखीच्या ओळखीतून एक मुलगा आला, पाठीला सॅक, हातात हेल्मेट. यंत्राने प्लेटलेट काढायच्या तर दीड-दोन तास सहज जातात. रक्त बाहेर येतं, प्लेटलेट वेगळ्या होतात, उरलेलं परत अंगात. मध्येच म्हणाला, ओठांना मुंग्या येतायत. रक्त गोठू नये म्हणून जे मिसळतात त्याने तसं होतं म्हणे. नर्सने कॅल्शियमची गोळी दिली, ती चघळत तो पुन्हा मांडीवरच्या नोट्समध्ये डोकं घालून बसला. परीक्षा होती. मी आभार मानायला गेले तर म्हणाला, "ताई, जरा पान उलटता का? हा हात अडकलाय." मग मी पानंच उलटत बसले. पेपर कसला होता, तेही विचारायचं राहिलं.

*

लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कातायचं मशीन, शिकवणारे आमचे उस्ताद. बाह्या कोपराच्या वर, हातमोजे अजिबात नाहीत, आणि चकची, म्हणजे तो तुकडा पकडणाऱ्या फिरत्या जबड्याची, चावी हातातून सुटली की थेट तिच्या जागेवर. चावी चकमध्येच राहिली आणि मशीन चालू झालं, तर ती गोळीसारखी सुटते. हे त्यांनी समजावून सांगितलं एकदाच. नंतर नुसते मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "चावी?" ओरडणं नाही, की टोमणा नाही. आता मी नवी पोरं तयार करतो. परवा एकाच्या मागे उभा राहिलो तर तोंडातून तेच निघालं, हेलसुद्धा त्यांचाच.

*

वरच्या ताईंसाठी, दात्याच्या बाजूने. मीही प्लेटलेट देतो. कुणाला गेल्या, पुढे काय झालं, बहुतेकदा कळत नाही आणि मी विचारतही नाही. मात्र पाण्याची बाटली झाकण सैल करून हातात देणारे नातेवाईक चांगले लक्षात राहतात. एका हाताने ती उघडत नाही हो!

*

मला नोकरी लागली ती रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसामुळे. त्यांच्या ऑफिसात जागा आहे, एवढंच ते बोलता बोलता बोलून गेले. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलंय की अशा बातम्या तोंडओळखीच्या लोकांकडूनच जास्त येतात, कारण जवळच्यांना बहुधा तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं. माझे गृहस्थ तर तोंडओळखीचेही नव्हते.

*

चांगलीच माणसं आठवायची असं काही ठरलेलं नाही ना? समूहगानाच्या तालमीला आलेल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, "तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव." त्यांना ते संध्याकाळपर्यंतही आठवलं नसेल. मी अजून वाढदिवसाच्या गाण्यालाही ओठच हलवते. चार जण आपल्याला घडवतात, तसा एखादा टवका पण काढून जातो. त्यालाही या धाग्यात जागा असावी.

*

मी बोलताना अडखळतो. लोक माझं वाक्य पुरं करून देतात, नाहीतर "सावकाश, सावकाश" म्हणतात. दोन्ही मायेनेच, पण त्याने माझं अडखळणं वाढतं. शब्द माहीत असतो, तो फक्त निघत नसतो. एका खिडकीवर माझ्या आडनावाचं पहिलं अक्षरच अडकलं. आतल्या माणसाने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला, घड्याळाकडे नाही, कागदाकडेही नाही. मागच्यांची चुळबूळ सुरू झाली. तेव्हा माझ्यावरून नजर न हलवता तो त्यांना म्हणाला, "त्यांचं बोलणं चालू आहे." दया नाही, कौतुक नाही, साधी माहिती दिल्यासारखं. काम त्या दिवशी झालंच नाही, एक कागद कमी होता. दुसऱ्या दिवशी शेजारची खिडकी रिकामी होती, तरी मी त्याच्याच रांगेत उभा राहिलो.