चोक बंद केला की एटीव्ही मरते

नागावकर:
नमस्कार मंडळी. माझी 2006 ची 250 सीसी एटीव्ही (वाळूत चालणारी चार जाड चाकांची गाडी) आहे, किनाऱ्यावरून जाळी ओढायला लागते. जूनमध्ये अर्धी टाकी पेट्रोलसकट तशीच झापाखाली उभी केली. आता चोक ओढला की चालू होते, चोक आत ढकलला की मरते. प्लग नवा टाकला, फरक नाही. वडिलांच्या हातची गाडी आहे, भंगारात द्यायची नाही.

दुचाकी_मिस्त्री:
दादा, कार्ब्युरेटरमधला पायलट जेट, म्हणजे मंद चालीला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, चोंदलाय. पेट्रोल चार महिने कार्ब्युरेटरच्या तळच्या वाटीत राहिलं की डिंकासारखा थर बसतो. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते ओल धरतं. जेट उजेडात धरा, आरपार दिसलं पाहिजे. जाड तारेने खरवडू नका, भोक मोठं झालं तर गाडी जास्त पेट्रोल पिणार. कार्ब्युरेटर क्लीनर मारा, मग हवा. आणि मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो किती फेरे आत जातो ते मोजून लिहून ठेवा, हे विसरूच नका.

खाडीपलीकडचा:
इनटेकचं, म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणारं रबरही बघा. भेग पडली तरी असंच होतं.

नागावकर:
रबर शाबूत आहे. जेटचं भोक पूर्ण बंद होतं, वाटीच्या तळाशी हिरवट चिकटा! रात्रभर क्लीनरमध्ये ठेवला, पंक्चरवाल्याकडे हवा मारली. स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर होता, तिथेच आणला. सकाळी चोकशिवाय दहा मिनिटं एकसारखी चालली. आई ओट्यावर येऊन ऐकत उभी राहिली. पुढच्या पावसाआधी पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करणार. मिस्त्रीभाऊ, मनापासून आभार.